लहान इंजिन, मोठा दाब

मोटारीचे माहितीपत्रक हातात पडले की विद्यार्थी प्रथम अश्वशक्तीचा आकडा पाहतात, घरातील वडीलधारी मंडळी लिटरला किती किलोमीटर ते पाहतात, आणि उरलेल्या आकड्यांवरून दोघांचीही नजर घसरून जाते. वास्तविक इंजिनाचा स्वभाव त्या उरलेल्या आकड्यांतच दडलेला असतो. किंबहुना एखादे इंजिन दहा वर्षांनी कोठे दुखावणार आहे, हेही त्या तक्त्यावरून पुष्कळसे सांगता येते. उष्णता-इंजिने हा विषय शिकविताना मी एकाच इंजिनाचा तक्ता फळ्यावर लिहितो आणि त्यावरून त्याचे आजार ओळखा असे मुलांना सांगतो. फोर्ड कंपनीचे एक लिटरचे, तीन सिलिंडरचे, टर्बोचार्जर लावलेले 'इकोबूस्ट' हे ते पेट्रोल इंजिन.

हेच इंजिन निवडण्याला कारण आहे. इंग्लंडमधील डंटन येथील फोर्डच्या संशोधन केंद्रात ते प्रामुख्याने विकसित झाले आणि २०१२ साली युरोपच्या रस्त्यावर आले. २०१२, २०१३ आणि २०१४ अशी ओळीने तीन वर्षे 'इंटरनॅशनल इंजिन ऑफ द इयर' हा मान त्याने मिळविला. पुढे काही वर्षांतच ब्रिटनमधील वर्तमानपत्रांत त्याच इंजिनाच्या बिघाडांच्या बातम्या येऊ लागल्या. पहिला नंबर काढणारा मुलगा पुढे परीक्षेत का अडखळला, असा हा प्रश्न आहे, आणि शिकण्याच्या दृष्टीने असा प्रश्न फार उपयोगी असतो. दुसरे कारण आपल्या जवळचे आहे. जून २०१३ मध्ये भारतात आलेल्या इकोस्पोर्ट गाडीत हे इंजिन होते. सप्टेंबर २०२१ मध्ये फोर्डने भारतातील मोटार-उत्पादन बंद करीत असल्याचे जाहीर केले. तेव्हा आज आपल्याकडे या गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आहेत आणि बाजारात स्वस्तात मिळतात. नुकतीच नोकरी लागलेला माजी विद्यार्थी घरी येतो, चहा होतो, आणि मग हळूच विचारतो, "सर, एक इकोस्पोर्ट बघून ठेवली आहे. टर्बो आहे म्हणतात. घेऊ का?" या प्रश्नाला होय-नाहीचे उत्तर देण्यापेक्षा तक्ता वाचून दाखविणे मला अधिक बरे वाटते.

शब्दांविषयी एक खुलासा आधीच करतो. आमच्या बेळगावात उद्यमबागेतील मिस्त्री एका गिऱ्हाइकाशी मराठीत आणि दुसऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो, पण हेड, गॅसकेट, पिस्टन, पंप हे शब्द दोन्ही भाषांत तेच ठेवतो. मीही तेच ठेवले आहेत. दट्ट्या आणि झडप हे शब्द मला प्रिय आहेत. पण गॅरेजमध्ये ते कोणाला कळत नाहीत.

आता तक्ता पाहू. सिलिंडरचा व्यास ७१.९ मिलिमीटर, पिस्टनची धाव ८२ मिलिमीटर. गुणाकार करून पाहावा: एका सिलिंडरचे आकारमान सुमारे ३३३ घन सेंटिमीटर आणि तिन्हींचे मिळून ९९९. संपीडन गुणोत्तर १० ला १. भारतात आलेल्या प्रकाराची शक्ती १२५ अश्वशक्ती, म्हणजे ९२ किलोवॉट, मिनिटाला ६००० फेऱ्यांवर. टॉर्क १७० न्यूटन-मीटर, आणि तो १४०० फेऱ्यांपासून ४५०० फेऱ्यांपर्यंत एकसारखा. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड वेगळा न जोडता हेडमध्येच ओतलेला. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये, सुमारे १५० बार दाबाने फवारले जाते. कॅमशाफ्ट फिरविणारा दातेरी पट्टा इंजिनाच्या आत, तेलात भिजत फिरणारा. तेलाची प्रत ५डब्ल्यू-२०, म्हणजे बरेच पातळ.

ब्लॉक बिडाचा आहे हे ऐकून येथील मुलांना बरे वाटते, कारण बेळगावच्या फौंड्र्यांत बिडाच्या ओतकामावर अनेक घरे चालतात. ॲल्युमिनियमच्या जमान्यात बीड का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर दाबात आहे. बीड अधिक बळकट असल्याने भिंती पातळ ठेवता येतात, ब्लॉक आखूड होतो आणि लवकर तापतो. या ब्लॉकचा पाया ए-४ कागदाएवढ्या जागेत मावतो, अशी फोर्डची त्या वेळची जाहिरात होती.

दाबाचा हिशेब मात्र नीट मांडू, कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. टॉर्क आणि आकारमान माहीत असले की 'सरासरी परिणामी दाब' काढता येतो. शक्तीच्या संपूर्ण धावेत पिस्टनवर एकसारखा दाब राहिला असता, तर तोच टॉर्क मिळण्यास तो किती लागला असता, हा तो आकडा. चार धावांच्या इंजिनासाठी टॉर्कला ४π ने गुणावे आणि आकारमानाने भागावे. १७० न्यूटन-मीटर आणि ९९९ घन सेंटिमीटर घातले की उत्तर येते सुमारे २१.४ बार. त्याच इकोस्पोर्टमध्ये दीड लिटरचे साधे, टर्बो नसलेले पेट्रोल इंजिनही मिळे. त्याचा टॉर्क १४० न्यूटन-मीटर होता. तोच हिशेब केला तर ११.७ बार येतात. म्हणजे आकाराने दोन-तृतीयांश असलेल्या इंजिनाच्या प्रत्येक पिस्टनवर जवळजवळ पावणेदोन पट दाब. पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ साधारण ४०.६ चौरस सेंटिमीटर आहे. त्यावर २१.४ बार म्हणजे जणू पावणेनऊशे किलोंहून थोडे अधिक वजन. ही झाली सरासरी. ज्वलनाच्या क्षणी दाब याच्या कितीतरी पट वर जातो.

हा दाब येतो कोठून? धुराबरोबर बाहेर जाणारी उष्णता साध्या इंजिनात फुकट जाते. टर्बोचार्जरमध्ये तो धूर एका लहानशा चक्राला फिरवितो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला बसविलेले चक्र बाहेरची हवा दाबून, इंटरकूलरमध्ये थंड करून, सिलिंडरमध्ये ढकलते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त, म्हणून शक्ती जास्त. या इंजिनाचा टर्बो मिनिटाला २,४८,००० फेऱ्यांपर्यंत जाऊ शकतो, असे फोर्डने सांगितले होते. सेकंदाला चार हजारांवर फेऱ्या झाल्या! २०१४ पासूनच्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या इंजिनांत टर्बोला सव्वा लाख फेऱ्यांची मर्यादा नियमाने घातलेली होती, हे ताडून पाहावे. अर्थात लहान चक्राला जास्त फेऱ्या लागतात, यात चमत्कार काही नाही. पण त्या दांड्याला आधार असतो तो तेलाच्या पातळ थराचा, हे लक्षात ठेवावे.

येथे टर्बोची एक चांगली बाजूही सांगितली पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरांच्या आसपास उंच आहे. पणजीच्या मानाने येथे हवेचा दाब सुमारे आठ टक्के कमी. साधे इंजिन घाट चढून वर आले की तेवढी शक्ती गमावते. टर्बो थोडा अधिक वेगाने फिरून ती तूट भरून काढतो. चोर्ला घाटातून येणाऱ्यांना हा फरक पायाखाली कळतो.

मग अशी इंजिने बनविण्याचा आग्रह का? युरोपात २००९ च्या नियमाने नव्या मोटारींच्या कार्बन डायऑक्साइडची सरासरी २०१५ पर्यंत किलोमीटरला १३० ग्रॅमवर आणावयाची होती. ही मोजणी प्रयोगशाळेत, ठरलेल्या सावकाश चालीने होई. लहान इंजिनात घर्षण कमी, म्हणून सावकाश चालीत ते पेट्रोल कमी खाते. जोर लागेल तेव्हा टर्बो आहेच. आपल्याकडे कारण कराचे होते आणि आहे. चार मीटरांच्या आतली गाडी आणि १२०० घन सेंटिमीटरांच्या आतले पेट्रोल इंजिन असेल तर कर कमी. इकोस्पोर्टची लांबी ३९९९ मिलिमीटर ठेवण्यात आली ती उगीच नव्हे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, तेव्हाही ही रेषा तशीच राहिली: रेषेच्या आत १८ टक्के, बाहेर ४० टक्के. तेव्हा लहान टर्बो इंजिने आपल्या रस्त्यांवर पुढेही वाढतच जाणार.

आता आजारांकडे वळू. पहिला आजार पाण्याचा.

इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेचा ढोबळ मानाने एक तृतीयांश भाग काम करतो, एक तृतीयांश धुराबरोबर जातो आणि एक तृतीयांश थंड करणाऱ्या पाण्यात जातो, असे आपण शिकवितो. ९२ किलोवॉट काम होत असेल, तर पाण्यातही तितकीच उष्णता जाणार. घरातला गीझर दोन किलोवॉटचा धरला, तर शेहेचाळीस गीझर एकदम लावल्यासारखे! शिवाय मॅनिफोल्ड हेडमध्येच असल्याने धुराची काही उष्णताही पाण्याच्या वाट्याला येते. ही रचना मूर्खपणाची मुळीच नाही. त्यामुळे धूर टर्बोपर्यंत पोहोचेतो थोडा निवतो. एरवी जोरात चालविताना केवळ टर्बो थंड ठेवण्यासाठी जादा पेट्रोल ओतावे लागते, ते येथे पुष्कळ वाचते. इंजिनही सकाळी लवकर तापते. पण या सर्वाची जामीनकी पाण्याने घेतली आहे. पाणी सहा लिटर धरू. महामार्गावर साध्या चालीत पाण्याला २० किलोवॉट उष्णता मिळते असे मानू आणि रेडिएटरपर्यंत पाणी पोचत नाही अशी कल्पना करू. सहा लिटर पाणी एक अंशाने तापण्यास २५ किलोज्यूल लागतात. म्हणजे तापमान दर सव्वा सेकंदाला एक अंशाने चढणार. नव्वद अंशांवरून एकशेवीसवर जाण्यास चाळीस सेकंदही पुरे आहेत. चालकाने काट्याकडे पाहून, गाडी बाजूला घेऊन किल्ली फिरवीपर्यंत काम आटोपलेले असते.

प्रत्यक्षात झाले ते असेच. २०११ ते २०१३ या काळात बनलेल्या काही फोकस गाड्यांत, पाण्याच्या टाकीकडे हवा-वाफ परत नेणारी एक बारीक नळी तडकत असे. नळी काही शेकड्यांची, पण पाणी गेल्यावर ॲल्युमिनियमचे हेड तापून वाकते, गॅसकेट जाते, कधी हेडलाच चीर पडते. कंपनीने त्या नळ्या पुढे बदलून दिल्या. याच कुटुंबातील १.६ लिटरच्या मोठ्या भावाची गोष्ट अधिक बोलकी आहे. पाणी कमी होऊन हेड तापते, चिरते, तेल गळते आणि आग लागण्याचा धोका होतो, म्हणून मार्च २०१७ मध्ये फोर्डने दोन लाखांहून अधिक गाड्या परत बोलाविल्या. उपाय काय केला, तर पाण्याची पातळी कमी झाल्याची सूचना देणारा सेन्सर बसविला! तो आरंभीच असावयास हवा होता, असे माझे स्पष्ट मत आहे. तापमानाचा काटा या कामी नेहमी भरवशाचा नसतो. ज्या इंजिनांत सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तेथे पाणीच संपले की सेन्सर हवेत लोंबतो आणि काटा खाली राहू शकतो. पातळी मोजणे आणि तापमान मोजणे ही दोन वेगळी कामे आहेत.

दुसरा आजार तेलाचा, आणि या इंजिनाचा खरा धडा येथे आहे.

कॅमशाफ्ट फिरविण्यास पूर्वापार दोन साधने आहेत. एक साखळी, ती इंजिनाच्या आत तेलात चालते. दुसरे रबरी दातेरी पट्टा, तो बाहेर कोरडा चालतो. साखळी टिकाऊ, पण थोडी आवाज करते आणि घर्षण थोडे जास्त. पट्टा शांत व हलका. पण ठरावीक काळाने बदलावा लागतो. फोर्डच्या अभियंत्यांनी दोहोंचा संकर केला. तेलाला टिकणाऱ्या रबराचा पट्टा केला आणि तो आत, तेलात ठेवला. तेलपंप फिरविण्यासही आणखी एक लहान पट्टा, तोही तेलात. घर्षण वाचले, आवाज वाचला, मैलाला थेंबभर पेट्रोल वाचले. पट्टा बदलण्याची मुदत युरोपात दहा वर्षे किंवा दीड लाख मैल, म्हणजे सुमारे दोन लाख चाळीस हजार किलोमीटर, अशी दिली गेली.

कागदावर हे सुरेख आहे. पण 'तेलात टिकणारे रबर' म्हणजे कोणत्या तेलात टिकणारे? कारखान्याने नेमून दिलेल्या, स्वच्छ, वेळेवर बदललेल्या तेलात. थेट फवारणीच्या इंजिनात थंड सिलिंडरच्या भिंतीवर पेट्रोलचे काही थेंब बसतात आणि कड्यांवाटे खाली तेलात उतरतात. गाडी तासभर चालली तर तेल तापून ते पेट्रोल उडून जाते. टिळकवाडीहून कॅम्पात जाऊन भाजी घेऊन परत येणाऱ्या गाडीचे तेल कधी पुरते तापतच नाही. अशा तेलात पेट्रोल साचत जाते आणि त्यात पट्टा फुगतो, भेगाळतो, त्याचे कण झडू लागतात. कोरड्या पट्ट्याचे कण रस्त्यावर पडले असते. येथे ते तेलपात्रात उतरतात आणि तेलपंपाच्या तोंडाशी असलेल्या जाळीवर जाऊन बसतात. जाळी बुजली की तेलाचा दाब पडतो. मग ज्याला सेकंदाला चार हजार फेऱ्या मारावयाच्या आहेत तो टर्बोचा दांडा, क्रँकशाफ्टची बेअरिंगे, पिस्टनच्या पोटावर उडणारे तेलाचे फवारे, सगळेच एकदम उपाशी. तेलपंपाचा लहान पट्टाच तुटला तर हे सारे क्षणात घडते.

ही नुसती भीती नाही. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत या एक लिटरच्या इंजिनाच्या सुमारे एक लाख चाळीस हजार गाड्या परत बोलाविण्यात आल्या. फोकस २०१६ ते २०१८ आणि इकोस्पोर्ट २०१८ ते २०२२ या सालांच्या. तेलपंपाच्या पट्ट्याला ताण देणारा भाग मोडू शकतो किंवा त्या पट्ट्याचे दाते झडू शकतात, तेलाचा दाब जाऊन इंजिन बंद पडू शकते आणि ब्रेकला मिळणारी मदतही जाऊ शकते, असे कारण दिले गेले. अमेरिकेत विकल्या गेलेल्या त्या इकोस्पोर्ट चेन्नईत जोडलेल्या होत्या, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या ध्यानात नाही. पुढच्या आवृत्तीत फोर्डने मुख्य पट्ट्याच्या जागी साखळी आणली; तेलपंपाचा पट्टा मात्र ठेवला. तेलातल्या पट्ट्याचा हा अनुभव एकट्या फोर्डचा नाही. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ लिटरच्या 'प्युअरटेक' इंजिनातही तसाच पट्टा होता, तशीच तक्रार आली, आणि २०२४ मध्ये स्टेलांटिस कंपनीला युरोपात त्याची हमी दहा वर्षे किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंत वाढवावी लागली. उलट फोक्सवॅगनचे एक लिटरचे टीएसआय इंजिनही ९९९ घन सेंटिमीटरचे, तीन सिलिंडरचे, टर्बोचे आहे. त्याचा पट्टा बाहेर कोरडा फिरतो. म्हणजे लहान टर्बो इंजिन आणि तेलातला पट्टा यांची गाठ अटळ होती असे नाही. ती एक निवड होती.

या निवडीबद्दल मी वर्गात थोडा कडक बोलतो. पट्ट्याने वाचविलेले थेंबभर पेट्रोल पहिल्या मालकाच्या माहितीपत्रकात जमा झाले. पट्ट्याच्या मोडतोडीचा खर्च तिसऱ्या मालकाच्या नावे पडला. चाचणी सावकाश चालीच्या नव्या गाडीची होते. दहा वर्षांच्या, दोनदा हात बदललेल्या, मिळेल ते तेल घातलेल्या गाडीची कोणी चाचणी घेत नाही. अभियंत्याने कोणासाठी यंत्र बनवावे, हा प्रश्न पाठ्यपुस्तकात नसतो. पण परीक्षेनंतर आयुष्यभर तोच सोडवावा लागतो.

तिसरा आजार ज्वलनाचा. साधे नॉकिंग आपण जाणतो. ठिणगी पडल्यावर उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि खटखट आवाज येतो. संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडून ते थांबवू शकतो. लहान टर्बो इंजिनांत याहून वाईट प्रकार आढळला: ठिणगी पडण्यापूर्वीच मिश्रण पेटणे, आणि तेही कमी फेऱ्यांत, भरपूर दाबावर. पिस्टनच्या वरच्या कडेशी साचलेला तेल-पेट्रोलचा थेंब सुटतो, तापतो आणि तोच ठिणगीचे काम करतो. पिस्टन अजून वर येत असताना स्फोट होतो. असे एकदोन तडाखे पिस्टनच्या कड्यांमधली पट्टी फोडण्यास पुरतात. ठिणगी मागे-पुढे करून यावर काही उपाय चालत नाही, कारण ठिणगीचा येथे संबंधच नाही.

संशोधनात असे दिसले की तेलातील स्वच्छतेसाठी घातलेली कॅल्शियमची संयुगे या प्रकाराला हातभार लावतात आणि मॅग्नेशियमची तितका लावीत नाहीत. तेव्हापासून तेलाच्या प्रतींत बदल झाला. मे २०१८ मध्ये 'एपीआय एसएन प्लस' आणि मे २०२० मध्ये 'एपीआय एसपी' या प्रती आल्या, आणि त्यांत या अकाली पेटण्याची स्वतंत्र चाचणी ठेवली गेली. ती चाचणी फोर्डच्याच दोन लिटरच्या इकोबूस्ट इंजिनावर घेतात. तेलाच्या डब्यावरील ही अक्षरे वाचण्याची सवय आपल्या मुलांनी लावून घ्यावी. चालकाच्या हातात दुसरा उपाय आहे. आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा चढ चौथ्या गिअरमध्ये पंधराशे फेऱ्यांवर पाय दाबून चढू नये. तक्त्यात १४०० फेऱ्यांवर पूर्ण टॉर्क लिहिलेला आहे हे खरे. पण तेवढ्यासाठी तो तेथेच मागितला पाहिजे असे नाही. एक गिअर खाली घ्यावा. इंजिन थोडे ओरडेल, पिस्टनला बरे वाटेल.

उरलेले आजार थोडक्यात सांगतो. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले गेल्याने आत येणाऱ्या हवेच्या व्हाल्व्हवर ते कधी पडतच नाही. पूर्वी ते व्हाल्व्हची पाठ धुऊन काढी. आता क्रँककेसमधून येणाऱ्या तेलकट वाफेचा काळा थर तेथे चढतो आणि बऱ्याच किलोमीटरनंतर इंजिन थंड असताना थरथरू लागते. अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेच्या झोताने मारून तो थर काढतात. टाटा नेक्सॉनच्या १.२ लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनात फवारा व्हाल्व्हच्या अलीकडे असल्याने त्याला हा त्रास नाही. तीन सिलिंडरांमुळे इंजिन पुढे-मागे डुलते. फोर्डने तोलाचा वेगळा दांडा न घालता फ्लायव्हील आणि पुढची पुली मुद्दाम असमतोल करून ते डुलणे आवरले. हा उपाय मला फार आवडतो. मात्र त्यामुळे पट्टा बदलताना ती पुली कशीही बसवून चालत नाही. घाट चढून आल्यावर लगेच किल्ली न काढता अर्धा मिनिट इंजिन तसेच फिरू द्यावे, ही जुनी शिकवण अजूनही योग्य आहे. थांबलेल्या तेलाचा तापलेल्या टर्बोत कोळसा होतो. आणि आजच्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल: इथेनॉल नॉकिंग कमी करते, हे टर्बोच्या हिताचे, परंतु लिटरमागे उष्णता सुमारे सात टक्क्यांनी घटते. शिवाय १ एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्यांची रबरे या पेट्रोलला नजरेसमोर ठेवून निवडलेली असतीलच असे नाही. २०१३ च्या इकोस्पोर्टच्या मालकाने पेट्रोलच्या नळ्या अधूनमधून पाहाव्यात.

आता त्या चहावरच्या प्रश्नाकडे. २०१३ ची गाडी घेतली तर तिच्या पट्ट्याची दहा वर्षे २०२३ मध्येच संपली. किलोमीटर किती का कमी असेनात, रबराला वर्षे मोजावी लागतात. उलट "सरांनी जपून वापरली आहे, चाळीस हजारच पळाली आहे" असे सांगून विकली जाणारी गाडी बहुधा गावातल्या गावात फिरलेली असते आणि तिचे तेल सर्वांत जास्त पेट्रोल प्यालेले असते. पट्टा बदलल्याची पावती मागावी. पावती नसेल तर तो बदलावयाचा आहे असेच धरून किंमत बोलावी. हे काम पुढचे सारे आवरण काढून, कॅमशाफ्ट व क्रँकशाफ्ट जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या खास हत्यारांनी करावयाचे असते, म्हणून मजुरी जबर असते. तेल कोणते घातले होते ते विचारावे. "चांगले, जाड घातले" असे उत्तर आले तर सावध व्हावे, कारण या इंजिनाला नेमून दिलेले तेल पातळ आहे. तेलाची काडी काढून वास घ्यावा. पातळी खुणेच्या वर गेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर तेल वाढलेले नाही, त्यात पेट्रोल मिसळले आहे. पाण्याच्या टाकीत पातळी पाहावी ती इंजिन पूर्ण थंड असताना, आणि आठवड्याने पुन्हा पाहावी.

आणि मालक तयार असेल तर आपल्या खर्चाने तेलपात्र उतरवून घ्यावे. पंपाच्या तोंडाची जाळी स्वच्छ असेल तर पट्ट्याला अजून बरे दिवस आहेत. जाळीवर काळे, मऊ, रबराचे तंतू चिकटलेले दिसले, तर गाडीचा रंग, आसने आणि गाणी ऐकण्याची यंत्रणा कितीही चांगली असो, तेलपात्र परत लावून मालकाचे आभार मानावेत आणि दुसरी गाडी पाहावी.